विकलेली गाडी परत घेताना : इंजिन गेलेलं असलं तरी आधी काय बघायचं?

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज कोडोलीतून बोलतोय, घराच्या मागच्या शेडमधून. मधेच भांड्यांचा आवाज आला तर समजून घ्या, शेडला लागूनच स्वयंपाकघर आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलाय. घरातली जुनी गाडी कधीतरी विकली, आता ती कुठेतरी धूळ खात पडल्याचं कळलं, इंजिन गेलंय म्हणतात. परत घ्यावी का? दुरुस्त होईल का? किती पैसे जातील?

मी स्वतः गेल्या वर्षी हे केलंय, त्यामुळे अनुभवावरून सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा भाग तिच्याभोवतीच आहे. इंजिन गेलंय म्हटलं की माणूस घाबरतो. पण जुन्या गाडीत इंजिन हा सगळ्यात सरळ दुरुस्त होणारा भाग असतो. त्याचं माप घेता येतं, माप चुकलं असेल तर यंत्रावर घासून बरोबर करता येतं. गाडी खरी मरते ती दोन गोष्टींनी : कुजलेला पत्रा आणि अडकलेले कागद. आपण मात्र बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत बसतो आणि या दोन गोष्टी विसरतो.

गाडी कशी गेली

आमची गाडी म्हणजे मारुती ८००, २००३ ची, पांढरी. आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. फंडातून पैसे काढून घेतलेली ती पहिली आणि शेवटची नवी गाडी. या मॉडेलची पहिली गाडी ग्राहकाच्या हातात पडली १४ डिसेंबर १९८३ ला आणि उत्पादन बंद झालं २०१४ च्या जानेवारीत. तीस वर्षं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. हेच लक्षात ठेवा, सुट्या भागांच्या वेळी कामाला येईल.

२०१४ च्या चैत्रात आम्ही जोतिबाला निघालो. कोडोलीहून जोतिबा काही लांब नाही, पण यात्रेच्या दिवसांतला तो चढ म्हणजे पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि आपण पहिल्या गिअरवर इंच इंच सरकतोय. ऊन कडक. इंजिन भरपूर फिरतंय, पण गाडी पुढं जात नसल्यामुळे रेडिएटरला वारा लागत नाही. त्यात आमच्या रेडिएटरमध्ये अकरा वर्षं विहिरीचं पाणी घातलेलं. कूलंट हा प्रकार आमच्याकडे दुकानदाराने गळ्यात मारायचा प्रकार समजला जायचा. विहिरीच्या जड पाण्याने आतून खार धरतो, चहाच्या भांड्याला धरतो तसा. नळ्या अर्ध्या बंद.

काटा लाल पट्टीत गेला. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि कुणीतरी आणून दिलेली थंड पाण्याची कळशी ओतली. वाफेचा लोट आला. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, आम्ही दर्शन घेऊन घरी आलो. गुलालाने माखलेली गाडी दारात उभी राहिली, सगळे म्हणाले, देवाच्या कृपेनं निभावलं.

निभावलं नव्हतं. त्यानंतर दर आठवड्याला रेडिएटरमध्ये थोडं पाणी कमी भरायला लागलं. खाली गळती दिसायची नाही. आप्पा दर सोमवारी सकाळी गुपचूप पाणी घालायचे. त्याच वर्षी दिवाळीआधी माझ्या वसतिगृहाचे आणि फीचे पैसे भरायचे होते. वारणाकाठच्या एका गावातल्या ओळखीच्या माणसाने सत्तर हजारांना गाडी घेतली. पाणी कमी होतं हे आप्पांनी त्याला सांगितलं नाही. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आत नेमकं काय झालं होतं

आता हे जरा समजून घेऊ, कारण जुन्या पेट्रोल गाड्यांमधलं हे फार नेहमीचं दुखणं आहे.

इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा. वरचं झाकण, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचं. दोघांच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. सिलिंडरमधला स्फोट, इंजिनभोवती फिरणारं पाणी आणि वंगणाचं ऑईल, या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं काम हे एवढंसं गॅस्केट करतं.

अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. तीस सेंटिमीटर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी १०० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिलिमीटर वाढते. तेवढंच बीड वाढतं ०.३५ च्या आसपास. रोजच्या तापमानाला हे गृहीत धरूनच इंजिन बनवलेलं असतं. पण पाणी उकळून गेलं की हेडचा ताप मर्यादेबाहेर जातो. हेडला वाढायचं असतं, बोल्ट त्याला जागेवर दाबून धरतात. मग ते वाकतं. मध्ये गॅस्केट चिरडतं. आणि अशा तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर हेडला तडाही जाऊ शकतो. म्हणून गाडी तापली तर काय करायचं? बंद करायची, सावलीत उभी करायची आणि थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, पाणी तर ओतायचंच नाही. अर्धा-पाऊण तास वाया गेला तर जाऊ दे.

आमचं गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी किंचित दबलं होतं. तिथून पाणी थेंब थेंब सिलिंडरमध्ये जायचं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर. म्हणून खाली गळती दिसत नव्हती. नव्या मालकाने पाच वर्षं गाडी वापरली आणि २०१९ मध्ये एक दिवस ती रस्त्यातच थांबली. त्याने ओढून नेऊन शेडमध्ये लावली. सिलिंडरमध्ये पाणी तसंच राहिलं आणि आत गंज चढत गेला.

पैशाची गोष्ट काढायच्या आधी

गाडी शेडमध्ये आहे हे मला एका लग्नात कळलं. दुसऱ्याच रविवारी आमच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. मिस्त्री म्हणजे कोडोलीतले, वयाने आप्पांच्या बरोबरीचे. जाताना त्यांनी मला बजावलं, "किल्ली फिरवायची न्हाई. आधी डोळ्यानं बघायचं, मग हातानं, किल्ली शेवटी."

हा क्रम तुम्हीही पाळा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारला तर गंजलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. आणि आत पाणी असेल तर त्याहून वाईट, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आम्ही बघितलेल्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली, पूर. आपल्या भागात जुनी गाडी घेताना हा पहिला प्रश्न. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि परत २०२१ ला राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. वारणाकाठची गावंही दोन्ही वेळा पाण्यात होती. किती गाड्या तेव्हा बुडाल्या आणि धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या असतील, विचार करा. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या खिळ्यांवर, डॅशबोर्डच्या मागच्या वायरींच्या जोडांवर बारीक माती राहते. ती कुणाला पुसता येत नाही. आमच्या गाडीला पाण्याची रेघ टायरच्या मध्यापर्यंत होती, आत नव्हती. वाचली.

दुसरी, पत्रा. गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झालो. दरवाज्यांखालच्या लांब पट्ट्या, पुढच्या सस्पेन्शनचे खांब जिथं बॉडीला बसतात ती जागा, आणि पायाखालचा पत्रा. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकत जायचं. टणक आवाज आला की बरं, भुसभुशीत आवाज आला की पत्रा गेला. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच तिचा सांगाडा. पायाखालचा पत्रा वेल्डिंगने होतो. सस्पेन्शनच्या जागाच कुजल्या असतील तर मागं फिरा. आमचा फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली कुजला होता.

तिसरी, ऑईल. डिपस्टिक काढून बघा, ऑईल भरायच्या टोपीच्या आतून बघा. दुधाळ चहासारखा साका असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळलंय. थोडं ऑईल खाली काढून पांढऱ्या फडक्यावर घ्या. चकाकणारा बारीक चुरा दिसला, त्यात तांबूस कण असले तर बेअरिंग गेलेत, खर्च वाढला.

चौथी, इंजिन हाताने फिरतं का. तिन्ही स्पार्क प्लग काढले. तिसऱ्याच्या टोकावर तांबेरा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑईल सोडलं आणि घरी आलो. पुढच्या रविवारी क्रँकच्या पुलीला पाना लावून मिस्त्रींनी हळूच जोर दिला. थोडं हललं. मागं-पुढं, मागं-पुढं, आणि एक पूर्ण फेरा. मिस्त्री म्हणाले, "इंजिन मरत नसतंय, माणसं मारत्यात त्याला."

पाचवी, कॉम्प्रेशन. आता बाहेरून बॅटरी लावून, प्लगच्या जागी गेज बसवून मोजलं. धडधाकट इंजिनात अकरा ते तेराच्या आसपास आकडा हवा, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिन्हींत एकापेक्षा जास्त फरक नको. आमचं आलं दहा, साडेनऊ आणि चार. मग तिसऱ्यात चमचाभर ऑईल घालून परत मोजायचं. आकडा बराच वर चढला तर रिंगा गेल्यात, कारण ऑईलने फट तात्पुरती बुजते. चढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आमचा साडेचारवर अडला.

एवढ्यात काय झालं बघा. एक रुपया न देता, इंजिन न खोलता आम्हाला साधारण कळलं होतं की कशाला किती लागणार.

भाव कसा काढायचा

भावाला दोन टोकं असतात. खालचं टोक भंगाराचं. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, भंगारवाल्याने त्या माणसाला सोळा हजार सांगितले होते. त्याहून कमी तो कशाला घेईल? वरचं टोक असं काढायचं : तशीच चालती गाडी बाजारात कितीला मिळते, त्यातून दुरुस्तीचा अंदाज वजा करा, आणि वर वीस टक्के अडीअडचणीला धरा. चालती गाडी आमच्याकडे पन्नास हजारांत मिळत होती आणि दुरुस्तीच पन्नासच्या पुढं जाणार होती. म्हणजे वजाबाकी शून्याखाली. अशा वेळी व्यवहाराने भंगाराच्या भावावर एक रुपया जास्त द्यायचा नसतो.

त्याने तीस हजार सांगितले. मी सोळावर अडून बसलो होतो. आप्पा सोबत होते. आधी यायलाच तयार नव्हते, "काय करायचं रे ते धूड?" म्हणत होते. चहा झाला, आणि मधेच आप्पा म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. गाडी दिली तेव्हा ती पाणी पीत होती. जोतिबाच्या घाटात तापली होती. मी बोललो नाही."

मला काय बोलावं सुचेना. तो माणूस मात्र हसला. म्हणाला, "गुरुजी, पहिल्याच महिन्यात कळलं की मला. म्हणून तर नावावर करायची घाई केली न्हाई. म्हटलं, परत द्यायची वेळ आली तर? मग तसंच राहिलं."

व्यवहार वीस हजारांना झाला. माझ्या हिशोबापेक्षा चार हजार जास्त. ते आप्पांनी दिले आणि मी त्यावर बोललो नाही. गाडी पिकअपमध्ये चढवून आणली. टोचन करू नका. नोंदणी संपलेली, ब्रेक जाम झालेली गाडी रस्त्यावर ओढणं कायद्यातही बसत नाही आणि अंगाशीही येतं.

कागद : इथं खरा घाम फुटला

तो माणूस सहज बोलून गेला, पण "नावावर केली नाही" या वाक्याचा अर्थ काय होतो ते ऐका.

अकरा वर्षं गाडी त्याच्याकडे होती आणि सरकारी दप्तरी मालक होते आप्पा. त्या काळात अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की विक्री झालेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनवर हे ओझं अकरा वर्षं लटकत होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. म्हणून मंडळी, गाडी विकलीत तर पैसे मिळाले म्हणून विषय संपला असं समजू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललंय हे वाहन पोर्टलवर स्वतः बघा, मगच झोपा.

आमच्या बाबतीत मात्र नाव बदलायचं काम वाचलं. कागदावर गाडी कधी घर सोडून गेलीच नव्हती! एवढं केलं की दोघांच्या सहीने एक लेखी कागद करून ठेवला, की गाडी परत आली, पैसे पोचले, कुणाचं काही देणं नाही.

पुढचं काम नोंदणीच्या नूतनीकरणाचं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे आमची २०१८ ला संपलेली. बरेच जण विचारतात, पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच घालावी लागते ना? नाही. वयावरून गाड्या बंद करायचे आदेश दिल्ली आणि भोवतालच्या भागासाठी निघाले. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्यासाठी फॉर्म २५. केंद्राने हे शुल्क वाढवलंय : मोटारीला पंधरा वर्षांनंतर ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. उशीर झाला असेल तर महिन्यागणिक जादा पैसे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, निदान थर्ड पार्टी विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. जुन्या दंडाच्या पावत्या आणि बँकेचा बोजा राहिलाय का, हेही त्याच पोर्टलवर दिसतं. गाडी आणायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

आणि एक. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः वाचा, आरसी बुकाशी ताडून बघा. एक अक्षर इकडंतिकडं असेल तर आरटीओत गाडी अडते, मग इंजिन कितीही गोड चालू दे.

इंजिन खोललं

हेड काढलं आणि दोष डोळ्यासमोर आला. तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केट काळं पडून तुटलेलं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे, नखाला लागतील एवढे.

इथं दोन रस्ते असतात. एक, भंगारातल्या गाडीचं "हाफ इंजिन" आणून बसवायचं. स्वस्त वाटतं, दोन दिवसांत होतं. पण त्या इंजिनाचा इतिहास कुणाला माहीत? आणि ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, त्याची आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ते इंजिन कुठून आलं याचा कागद नसेल तर नसती आफत. दुसरा रस्ता, आपलाच ब्लॉक दुरुस्त करायचा. नंबर तोच राहतो. आम्ही हा घेतला.

ब्लॉक आणि हेड घेऊन मिस्त्रींसोबत कोल्हापुरात उद्यमनगरला गेलो. आपण कोल्हापूरकर एका बाबतीत नशीबवान आहोत. नदीचं पाणी उसाला चढवायला ऑईल इंजिनं लागली, त्यांच्या दुरुस्तीतून आणि निर्मितीतून इथं लेथ आले, फौंड्री आल्या, मापं घेणारे हात तयार झाले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावातून मोटारींचे बिडाचे भाग बाहेर जातात. अशा गावात मारुतीचं तीन सिलिंडरचं इंजिन म्हणजे पोराचा खेळ.

तिथं काय केलं? हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज सरकवून बघितलं. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आमची ०.१२ होती. आधी तडा आहे का हे हवेच्या दाबाने तपासलं, नव्हता, मग फेस मारून सपाट केलं. हा क्रम लक्षात ठेवा : आधी तडा, मग फेस. तडा गेलेल्या हेडला फेस मारून पैसे वाया घालवलेले लोक मी बघितलेत.

सिलिंडरचा व्यास वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजला. खड्डे जाण्यासाठी बोअर ०.५० मिलिमीटरने वाढवावं लागलं. या इंजिनाला ०.२५ आणि ०.५० असे मोठ्या मापाचे पिस्टन मिळतात. म्हणजे हा ब्लॉक आता शेवटच्या मापावर आहे. पुढच्या वेळी लायनर घालावे लागतील. एक महत्त्वाचं : आधी पिस्टन विकत आणा, तो मोजून त्याप्रमाणे बोअर मारायला सांगा. उलटं करू नका. तिन्ही सिलिंडर सारख्याच मापाचे करा, एकच वाढवून चालत नाही. क्रँक मोजला, तो मापात होता, फक्त बेअरिंग नवे घातले.

सुटे भाग मिळाले का? मिळाले. ओम्नीतही याच मापाचं इंजिन होतं आणि ती २०१९ पर्यंत निघत होती, त्यामुळे गॅस्केट, रिंगा, पिस्टन, वॉटर पंप सगळं कोल्हापुरात एका दुपारी गोळा झालं.

जोडताना होणाऱ्या चुका

हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत. हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड परत उडतं.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला हाच. पण मग इंजिन नेहमी गार राहतं, पेट्रोल जास्त खातं, लवकर झिजतं, आणि मूळ दोष झाकला जातो. आमचा दोष होता रेडिएटरमध्ये. ते बदललं नसतं तर नवं इंजिनही जोतिबाच्या चढावर गेलं असतं.

साधं पाणी घालू नका. कूलंट आणि शुद्ध पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. इंजिन खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवे घाला. चार पैशांसाठी परत खोलायची वेळ आणू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा डिंक होतो आणि पंप, इंजेक्टर तुंबतात. पहिले हजार किलोमीटर गाडी दामटू नका, आणि पहिलं ऑईल पाचशेलाच बदला. त्यात नव्या रिंगांचा चुरा येतो.

हिशोब

पिस्टन, मशीनचं काम, रेडिएटर आणि मजुरी धरून इंजिनाला गेले २६,४०० रुपये. इंजिन सोडून गेले ३३,००० : टायर १०,४००, बॅटरी ३,५००, ब्रेक ४,८००, टाकी-पंप-पाइप ५,३००, पत्रा आणि वेल्डिंग ९,०००. गाडीचे वीस. बेरीज ७९,४००. कागदांचं वेगळं, तेही जवळपास इंजिनाएवढं झालं. पन्नास हजारांत चालती गाडी मिळत असताना.

म्हणजे पैशात हा तोटा आहे, त्याला दुसरं नाव देऊ नका. सचिन तेंडुलकरने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की त्याची पहिली गाडी, मारुती ८००, त्याला परत हवी आहे, कुणाकडे असेल तर कळवा. त्याला काय गाड्यांची कमी होती? तसंच हे. पण त्याचं आणि आपलं बँकेचं पुस्तक वेगळं आहे.

म्हणून मी तीन प्रश्न सांगतो. सांगाडा शाबूत आहे का? कागद सरळ होतील का? आणि एवढे पैसे परत येणार नाहीत हे घरात सगळ्यांना सांगितलंय का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर इंजिनाची काळजी सोडा, ते होतं. पहिल्या दोनपैकी एकही नाही असेल तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. तेही नीट करायचं काम आहे. तिसरं उत्तर नाही असेल तर आधी घरात बोला. माझं ते राहिलं होतं, त्यामुळे दोन महिने घरातलं वातावरण जरा गरमच होतं.

कागद झाल्यावर पहिल्यांदा आम्ही जोतिबालाच गेलो. यात्रा नव्हती, सकाळची वेळ, रस्ता मोकळा. गाडी मी चालवत होतो. आप्पा शेजारी बसून पूर्ण चढभर त्या काट्याकडे बघत होते. काटा मध्यावरच होता. वर पोचल्यावर म्हणाले, "बंद करू नको लगेच. जरा फिरू दे पंखा."

परवा सोमवारी सकाळी उठून बघतो तर ते बॉनेट उघडून कूलंटच्या डब्याची रेघ बघत होते. कमी झालं नव्हतं. तरी बघितलं.

तर मंडळी, तुमच्याकडे अशी एखादी गाडी कुठं पडून असेल तर कळवा, आणि बघायला जाल तेव्हा सतरंजी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू, कारण बरीच वर्षं उभ्या गाडीत इंजिनाइतकंच तेही दगा देतं. तोवर काट्याकडे लक्ष ठेवा. राम राम.